नफा झाला म्हणजे पैसा हाती आला का?
‘धंदा नफ्यात असला की पैशाची चणचण भासत नाही’ हा समज वर्षानुवर्षे फिरत आला आहे आणि तो स्वाभाविकही वाटतो. मात्र नफा विक्रीच्या नोंदीवरून ठरतो, तर मजुरी आणि वीजबिल हाती आलेल्या रकमेतूनच भागवावे लागते. वेंगुर्ल्याचा काजू कारखानदार उन्हाळी हंगामात बी रोखीने घेतो. समजा, बी आणि प्रक्रियेवर १२ लाख घालून त्याने १४ लाखांचा गर ९० दिवसांच्या उधारीवर विकला, तर वहीत २ लाखांचा नफा दिसतो, परंतु तोवर १२ लाख अडकलेले असतात, आणि ही ओढाताण माझ्या मते तोट्याइतकीच गंभीर आहे. पडताळणीसाठी नफा-तोटा पत्रकाशेजारी बँकेचा खातेउतारा ठेवावा. शिवाय नोंदणीकृत सूक्ष्म व लघु उत्पादकाला, करार काहीही असो, ४५ दिवसांत पैसे देणे २००६ च्या कायद्याने खरेदीदारावर बंधनकारक आहे.