तायाप: बंदी नसताना मागे पडलेली भाषा

पापुआ न्यू गिनीत आठशेहून जास्त भाषा आहेत. त्यांतली तायाप फक्त गापुन नावाच्या एका गावाची. सेपिक आणि रामू या नद्यांच्या मुखांमधल्या दलदलीच्या जंगलात हे गाव होतं; 2018 पर्यंत ते ओस पडलं. आजूबाजूच्या कुठल्याच भाषेशी तायापचं नातं जुळत नाही. सख्खी नाही की चुलत नाही, बहीणच नाही. 1937 मध्ये गेओर्ग हॉल्टकर हे जर्मन मिशनरी तिथे थोडा वेळ थांबले आणि जेमतेम सव्वाशे शब्द टिपून परतले. पुढची कित्येक वर्षं बाहेरच्या जगाकडे या भाषेचं एवढंच भांडवल होतं.

तायाप बोलणारे तसेही कधी फार नव्हते, त्यामुळे घसरणीचं खापर कमी लोकसंख्येवर फोडता येत नाही. सुरुवात झाली ती पहिल्या महायुद्धाच्या सुमारास. गावातले पुरुष नारळाच्या मळ्यांवर मजुरीला गेले, ते लोखंडी हत्यारं, कापड आणि तोक पिसिन घेऊन परतले. वसाहतीच्या मळ्यांवर वाढलेली ही मिश्र बोली आज देशाची संपर्कभाषा आहे. गावात ती आधी पुरुषांच्या रुबाबाची भाषा झाली, मग चर्चची, मग सगळ्यांचीच.

मानववंशशास्त्रज्ञ डॉन कुलिक 1980 च्या दशकाच्या मध्यावर गापुनमध्ये राहायला गेले, तेव्हा साधारण 130 पैकी 90 जण तायाप बोलत. पण दहा वर्षांखालचं एकही मूल बोलत नव्हतं. गावकऱ्यांच्या लेखी माणसात दोन बाजू असतात: ‘हेद’ म्हणजे हट्ट, आपलंच खरं करणं, आणि ‘सावे’ म्हणजे समज, जाण. तायाप हळूहळू हट्टाच्या खात्यात गेली, जुन्या चालीरीतींच्या आणि बायकांच्या कडाकडा भांडणांच्या सोबतीला. समज तोक पिसिनच्या वाट्याला आली. मला हा हिशेब शाळा-सरकारच्या दबावापेक्षा जास्त घातक वाटतो, कारण त्यात मनाईहुकूम कुणी काढलेलाच नव्हता.

गंमत म्हणजे बाळाचा पहिला शब्द तायापच, असं आयांचं ठाम मत. तो शब्द ‘ओकी’, म्हणजे ‘मी निघालो’. बाळ जात्याच हट्टी, म्हणून त्याच्या बोबड्या आवाजातही त्यांना तायापच ऐकू येते. त्याला समज यावी म्हणून बोलणं मात्र तोक पिसिनमध्ये. पुढे मुलांना तायाप का येत नाही म्हणून विचारलं, तर आईबाप पोरांकडेच बोट दाखवत: त्यांनाच नको आहे, हट्टी आहेत.