रावणाच्या मिशांची जागा

पुळणीवर भरतीची रेघ ओलांडून वर चढलं, की वाळूच्या पहिल्याच उंचवट्यावर निळसर राखाडी, ताठ पात्यांचं गवत लागतं. अनवाणी पाय पडला तर कळ थेट मस्तकात जाते. शास्त्रीय नाव स्पिनिफेक्स लिटोरियस. तमिळमध्ये त्याला 'रावणन मीसै', म्हणजे रावणाच्या मिशा म्हणतात. यात नर-मादी झाडं वेगळी. मादीचा काटेरी गोळा पिकला की देठापासून तुटतो, वाऱ्याबरोबर पुळणीवरून गडगडत जातो आणि जाता जाता बी सांडतो.

समुद्राकडून उडत येणारी वाळू पात्यांशी अडते आणि गवत गाडलं जातं. मग गाडलेल्या पेरांना खालून मुळं फुटतात, वरून धुमारे. पुन्हा वाळू, पुन्हा धुमारे. अशीच पेरापेराने टेकडी उभी राहते. गवताच्या सोबतीला आणि मागे मर्यादवेल, त्याहून मागे केवडा. समुद्राची मर्यादा या वेलीच्या नावातच आहे.

ही जात जगातून नाहीशी होत चाललेली नाही. भारतापासून आग्नेय आशियापर्यंत ती आढळते. गोव्याच्या किनाऱ्यावर तिच्या पायाखालची जागा मात्र जाते आहे.

सुरुवात सुरूच्या झाडापासून करावी लागेल. 1868 च्या सुमारास कारवारकडे सुरूची लागवड झाली, ती जळणासाठी. पुढे वाळू थोपवायची म्हणून किनाऱ्या-किनाऱ्यावर सुरूची बनं उभी राहिली. हेतू चांगलाच होता. पण सुरूखाली काड्यांचा जाड थर साचतो, सावली पडते, आणि उन्हातल्या उडत्या वाळूवर जगणारं हे गवत तिथून हटतं.

खरा घाव पर्यटनाचा. 1970 नंतर कळंगुट-कांदोळीच्या पट्ट्यात हॉटेलं वाढली, तशा टेकड्या सपाट झाल्या. ज्याला आपण रिकामी वाळू समजलो, ती गावाची भिंत होती. 1981 मध्ये इंदिरा गांधींनी किनारी राज्यांच्या मुख्यमंत्र्यांना पत्र लिहून भरतीरेषेपासून 500 मीटर मोकळे ठेवायला सांगितलं. 1991 च्या सीआरझेड, म्हणजे किनारी नियमन क्षेत्राच्या अधिसूचनेने वाळूच्या टेकड्यांना हात लावायला मनाई केली, 2011 च्या अधिसूचनेने त्यांना अतिसंवेदनशील गटात घातलं. 2019 मध्ये मात्र दाट वस्तीच्या ग्रामीण किनाऱ्यावर बांधकामबंदीचा पट्टा 200 मीटरवरून 50 वर आला. ही माघार मला फार खुपते.

दरम्यान, दोना पावल्याच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेतले अंतोनियो मास्कारेन्हास वर्षानुवर्षं या टेकड्यांबद्दल लिहीत राहिले. 2004 च्या त्सुनामीनंतर त्यांनी तामिळनाडूचा किनारा अभ्यासला. टेकड्यांनी लाटांचा जोर कसा झेलला, ते तिथं दिसलं. अलीकडे गोवा राज्य जैवविविधता मंडळानेही टेकड्या पुन्हा उभारण्याचं काम हाती घेतलं आहे.

लावायला हे गवत अवघड नाही. पेरांसकट तुकडे वाळूत पुरले, पाऊस मिळाला, की ते धरतं. अडचण येते ती पुढे. पावसाळ्यात लाटांनी ओढून नेलेली वाळू दिवाळीच्या आसपास परत येऊ लागते, सुकते, वाऱ्याने वर चढते. ती धरायला पहिल्या उंचवट्यावर गवत हवं असतं. आणि नेमके त्याच दिवसांत तिथं शॅकचे, म्हणजे पर्यटकांसाठीच्या हंगामी खानावळींचे खांब रोवले जातात, खाटा मांडल्या जातात.