मुरगावची राजधानी: एका अर्धवट राहिलेल्या शहराची पार्श्वभूमी

जुन्या गोव्यातून राजधानी हलली म्हटले की आपण थेट 1843 साल आणि पणजीचे नाव घेतो. पण त्याच्या कितीतरी आधी दुसरी जागा ठरली होती. पोर्तुगालच्या राजाने तिला मान्यता दिली होती आणि 1685 मध्ये बांधकामाला हातही लागला होता. ती जागा म्हणजे मुरगाव. पोर्तुगीजांच्या पूर्वेकडील सगळ्या मुलखाचा कारभार जिथून चालायचा ते शहर वास्कोजवळ आज सडा-हेडलँड म्हणतात त्या टोकावर उभे राहणार होते. 1712 मध्ये काम थांबवण्याचा राजहुकूम आला आणि विषय मिटला. मधल्या सत्तावीस वर्षांबद्दल आपल्याकडे फार कमी बोलले जाते. पणजी राजधानी का झाली, याचे निम्मे उत्तर मात्र त्याच वर्षांत आहे.

तात्कालिक कारण सर्वांना ठाऊक आहे. 1683 च्या नोव्हेंबरात व्हाइसरॉयने, म्हणजे राजाच्या गोव्यातल्या प्रतिनिधीने, मराठ्यांच्या ताब्यातला फोंड्याचा किल्ला घ्यायचा प्रयत्न केला. संभाजी महाराज स्वतः धावून आले आणि त्याला माघार घ्यावी लागली. त्यानंतर 24 नोव्हेंबरच्या रात्री मराठ्यांची तुकडी जुवे बेटावर उतरली. जुवे म्हणजे सांतु इश्तेव्ह. जुन्या गोव्यापासून ते किती जवळ आहे हे तिथल्या टेकडीवर उभे राहिले की कळते. मधे नदीचा पट्टा आणि खाजनांची (बांध घालून खाऱ्या पाण्यापासून राखलेल्या शेतांची) सपाटी, एवढेच अंतर. दुसऱ्या दिवशी बेट परत घ्यायला गेलेला व्हाइसरॉय जखमी होऊन परतला. शहर हातचे जाणार असे वाटून त्याने सेंट फ्रान्सिस झेवियर या संताची शवपेटी उघडवली आणि आपला राजदंड त्या पार्थिवापाशी ठेवला. पाठोपाठ गोव्यातल्याच बारदेश आणि साष्टी या भागांत मराठी फौजा फिरल्या. जानेवारी 1684 मध्ये मोगल शहजादा घाट उतरून डिचोलीकडे आला, तेव्हा महाराजांना मागे फिरावे लागले आणि शहर वाचले. त्याच वर्षी व्हाइसरॉयने राजधानी मुरगावला न्यायचे ठरवले.

एवढ्यावरून 'मराठ्यांच्या भीतीने राजधानी हलवायचे ठरले' असे लिहिले जाते. ते खोटे नाही, पण अपुरे आहे. शहर त्याच्या कितीतरी आधीपासून आजारी होते. सोळाव्या शतकापासून तिथे पटकी आणि तापाच्या साथी येत राहिल्या. जमीन सच्छिद्र, वस्ती दाट, विहिरींत मैला झिरपणारा. 1636 पासून डच गलबतांनी वर्षानुवर्षे मांडवी नदीचे तोंड अडवून धरले. 1641 मध्ये मलाक्का गेले, 1658 पर्यंत सिलोन गेले, 1663 मध्ये कोची गेली. ज्या व्यापारावर ते शहर उभे होते तोच आटला होता. संभाजी महाराजांची स्वारी नसती तरी हा प्रश्न आज ना उद्या पुढे आलाच असता.

मुरगावची निवड डोळसपणे केलेली होती, हेही मान्य करायला हवे. तिथे 1624 पासून किल्ल्याचे काम सुरू होते. तीन बाजूंना समुद्र, हवा मोकळी. सगळ्यात मोठी गोष्ट म्हणजे पाणी खोल. पावसाळ्यात मांडवीच्या मुखावर वाळूचा बांध धरतो आणि आग्वादच्या बाजूने मोठी जहाजे आत येऊ शकत नाहीत. मुरगावच्या आडोशाला मात्र ती उभी राहू शकतात. म्हणून तेव्हाही पावसाळ्यात जहाज मुरगावला थांबायचे, आणि माल होड्यांत भरून झुवारीतून कुंभारजुवेच्या कालव्याने शहराकडे न्यायचा. अलीकडे खनिजाच्या बार्जेसही पावसाळ्यात याच कालव्याने झुवारीत उतरायच्या. ज्या बंदराशिवाय शहराचे चार महिने निघत नव्हते, त्या बंदरालाच शहर न्यायचे, असा तो साधा हिशेब होता.

मग ते झाले का नाही? सगळा वाद इथे आहे.

काम एका जेझुइट पाद्रीच्या देखरेखीखाली सुरू झाले. चिरा, म्हणजे जांभा दगड, जागेवरच होता. खाणीतून काढताना तो कुऱ्हाडीने तासता येण्याइतका मऊ असतो आणि वारा लागला की घट्ट होत जातो, त्यामुळे कोकणात बांधकाम दगडासाठी अडत नाही. अडले ते माणसांसाठी आणि पैशासाठी. नगरसभेचा विरोध होता. सरदार-दरकदारांचा होता, मठ-चर्चवाल्यांचाही होता. त्यांचे वाडे, मठ, भाड्याने दिलेली घरे, गहाणखते, सगळे जुन्या शहरात अडकलेले. राजधानी हलली की त्या मालमत्तेची किंमत शून्य. दुसरीकडे नवे घर स्वतःच्या खर्चाने बांधायचे, तेही व्यापार बसलेल्या काळात. या विरोधाला केवळ स्वार्थ म्हणणे मला पटत नाही. सरकारने त्यांच्यापुढे भरपाईची पटण्याजोगी सोय ठेवली नाही आणि त्यांनी जागचे हलायचे नाकारले, हे समजण्यासारखे आहे.

पुढचा व्हाइसरॉय किंवा गव्हर्नर आला की काम थंडावायचे. लिस्बनहून दट्ट्या आला की पुन्हा सुरू व्हायचे. इथे टपालाचा विचार केलाच पाहिजे. लिस्बनहून जहाजे मार्च-एप्रिलात निघत आणि सगळे सुरळीत गेले तर सप्टेंबराच्या आसपास गोव्याला लागत. परतीची जहाजे डिसेंबर-जानेवारीत निघत. म्हणजे गोव्यातून विचारलेल्या प्रश्नाला राजाचे उत्तर मिळायला दीड-पावणेदोन वर्षे. तोवर इथला कारभारी निम्मी मुदत संपवून बसलेला. हुकूम ज्याच्या अहवालावर निघायचा तो जायच्या तयारीत असायचा आणि अंमल करायचा तो नव्याने आलेल्याने. त्यामुळे तोच निर्णय दर काही वर्षांनी नव्याने घ्यावा लागे, आणि विरोध करणाऱ्यांना दर वेळी नवी संधी मिळे.

दुसरे कारण मला त्याहून महत्त्वाचे वाटते. ज्या भीतीपोटी निर्णय झाला ती भीती ओसरली. मराठे औरंगजेबाशी जीवनमरणाच्या लढाईत गुंतले. 1689 मध्ये संभाजी महाराज मारले गेले, राजाराम महाराज जिंजीला गेले. गोव्याच्या वेशीवर फौज येण्याची शक्यता काही वर्षांपुरती तरी मावळली. रोगराई तशीच राहिली, पण तिच्यापासून पळ काढायला ऐपतदारांना राजधानी हलवण्याची गरज नव्हती. नदीकाठी थोडे पुढे घर बांधले की झाले. खुद्द व्हाइसरॉय 1695 मध्ये शहराचा वाडा सोडून वेशीबाहेर पणेलीला राहायला गेला. मुरगावचे काम कागदोपत्री चालूच होते. राज्याचा प्रमुख पश्चिमेला मैलभर सरकला, तेव्हाच शहर कुठल्या दिशेने जाणार हे ठरून गेले होते. मागे राहिले ते ज्यांना जाणे परवडत नव्हते ते, आणि साथींत मेले तेही तेच.

1703 च्या सुमारास लिस्बनच्या कडक ताकिदीमुळे तेव्हाचा व्हाइसरॉय मुरगावच्या नव्या वाड्यात जाऊन राहिला. तोवर काही इमारती पुऱ्या झाल्या होत्या. पण कचेऱ्या मागे राहिल्या, लोक मागे राहिले, आणि थोड्याच काळात तोही परतला. 1712 चा हुकूम ही नंतरची औपचारिकता. 1739 मध्ये मराठे पुन्हा साष्टीत उतरले तेव्हा मुरगावचा किल्ला आसऱ्याची जागा म्हणून उपयोगी पडला, त्याहून अधिक काही नाही.

त्यानंतर 1759 मध्ये व्हाइसरॉयचे निवासस्थान पणजीला, आदिलशाहाच्या जुन्या वाड्यात गेले. 1770 च्या दशकात लिस्बनच्या मंत्र्याने जुने गोवे पुन्हा बांधून काढायचा घाट घातला. आणलेले मजूर तापाने मेले आणि काम सोडून द्यावे लागले. 1695 मध्ये वीस हजारांच्या घरात असलेली जुन्या शहराची वस्ती 1775 ला सोळाशेवर आली होती. एकोणिसाव्या शतकात पणजीची दलदल भरून रस्ते आखले गेले आणि 1843 मध्ये 'नोव्हा गोवा' नावाने राजधानी जाहीर झाली. सरकार तिथे राहायला गेल्याला तेव्हा 84 वर्षे झाली होती.

मुरगावच्या बंदराबद्दलचा हिशेब बरोबर होता हे कळायला आणखी वेळ लागला. 1878 मध्ये ब्रिटिश आणि पोर्तुगीज सरकारांत करार झाला. त्यातून मुरगावचे आधुनिक बंदर आणि कॅसलरॉकपर्यंतची मीटरगेज रेल्वे उभी राहिली. 1888 पर्यंत दोन्ही सुरू झाले. त्याच कराराने गोव्यातल्या मिठाच्या उत्पादनावर ब्रिटिशांचे नियंत्रण आले आणि मिठागरवाल्यांचे कंबरडे मोडले. बंदराची किंमत त्यांनी मोजली, आणि हे बंदराचे गोडवे गाताना सांगितले जात नाही. वास्को शहर वाढले ते या रेल्वेने आणि बंदराने. पुढे लोहखनिजाची निर्यात आली आणि राज्यातले सर्वांत मोठे बंदर म्हणून मुरगाव आज उभे आहे, फक्त सरकार तिथे नाही.

सरकार हलायचे मात्र थांबलेले नाही. 2000 मध्ये विधानसभा मांडवीपलीकडे पर्वरीच्या पठारावर गेली, सचिवालयही तिथेच आहे, आणि 2021 मध्ये उच्च न्यायालयाची नवी इमारत तिथेच उघडली. तिथे राजधानी नेण्याचा हुकूम कुणी काढलेला नाही. कागदावर राजधानी पणजीच आहे.