झुंबर-उभारणी (जयविलास महाल, ग्वाल्हेर)

राहत्या घराच्या छताला काचेचे मोठे झुंबर टांगण्याचे काम. दगडी मूर्तीचा भार जमीन घेते, तसबिरीचा भिंत. झुंबराचा सगळा भार मात्र एका कडीवर येतो आणि त्याच्याखाली माणसे जेवतात, बसतात. त्यामुळे या कामात काचेपेक्षा छताचीच चिंता अधिक.

भारतातले सर्वांत गाजलेले उदाहरण ग्वाल्हेरच्या शिंद्यांचे. जयाजीराव शिंदे (१८३४–१८८६) यांनी १८७४ मध्ये जयविलास महाल बांधून घेतला. आराखडा मायकेल फिलोज यांचा. महालाच्या काही भागात आज संग्रहालय आहे, उरलेला भाग घराण्याचे निवासस्थान. दरबार हॉलमध्ये दोन झुंबरे आहेत. प्रत्येकाचे वजन साडेतीन टन सांगतात, उंची सुमारे साडेबारा मीटर, म्हणजे चार मजल्यांच्या इमारतीएवढी.

ती टांगण्याआधी छताची ताकद पाहायला वर हत्ती चढवले, ही कथा प्रसिद्ध आहे. कुणी आठ हत्ती म्हणतो, कुणी दहा. आठ जरी धरले आणि हत्तीमागे तीन टन मोजले, तरी चोवीस टन होतात, म्हणजे दोन्ही झुंबरांच्या तिपटीहून जास्त. हिशेब बरोबर आहे, परीक्षा मात्र अर्धीच. हत्ती वरून दाबतो आणि त्याचे वजन चार पायांवर विभागते. झुंबर एकाच जागी खाली ओढते. छत तगले म्हणून कडी तगेलच असे नाही. काँक्रीटच्या बांधकामाबद्दल शंका असल्यास आजचे भारतीय मानक (आयएस ४५६) अपेक्षित भाराच्या सव्वापट भार २४ तास ठेवायला सांगते. भार काढल्यावर छत पुन्हा किती वर येते, हेही मोजतात. हत्ती उतरल्यावर कुणी काय मोजले, ते कथेत कधीच नसते.

मोठे झुंबर अखंड उचलून टांगत नाहीत. ते पेट्यांतून सुटे येते. मधोमध लोखंडी दांडा असतो. त्यावर काचेच्या नळ्या आणि वाट्या ओवतात. पाहणाऱ्याला काचेचा खांब दिसतो, भार पेलतो तो दांडा. मग काचेचे वाकडे हात बसवायचे. हातावरचा खुणेचा आकडा आणि खोबणीचा आकडा जुळवतात, कारण हाताने घडवलेल्या काचेत एकाचा हात दुसऱ्याच्या खोबणीत नीट बसत नाही. एक हात लावला की त्याच्या बरोबर समोरचा लावतात. एकाच बाजूने भरत गेले तर झुंबर कलते. लोलक सर्वांत शेवटी. लोलकाच्या भोकातून बारीक पितळी तार ओवून तिचा हूक वळवतात. काच शतकभर टिकते, ही तार नाही. लोलक निखळून पडला तर पहिला संशय तारेचाच.

अशी काच पुरवणाऱ्यांत बर्मिंगहॅमच्या ऑस्लर कंपनीचे नाव मोठे होते. १८५१ च्या लंडन प्रदर्शनात तिने २७ फूट उंच काचेचे कारंजे उभे केले होते. कलकत्त्यात तिचे दुकानही होते. संस्थानिकांखेरीज सधन घरांतही हंड्या-झुंबरे आली; गोव्यात चांदोरच्या ब्रागांझा वाड्याच्या नृत्यदालनात ती आजही आहेत. मेणबत्त्यांच्या काळात लहान झुंबर दोरी-कप्पीने खाली घेता येई. विजेची तार जोडल्यावर ही सोय बऱ्याच ठिकाणी गेली, आणि पुसायचे झाले की परांची बांधणे आले.