छोट्या ट्रान्सफॉर्मर खेळण्यांचा संग्रह (नाशिक)

तळहातात मावणारी, घड्या फिरवल्या की रोबोटची गाडी, विमान किंवा प्राणी होणारी खेळणी जमवण्याचा, जपण्याचा आणि दुरुस्त करण्याचा छंद. संग्राहकांच्या बोलण्यात ‘छोटा’ म्हणजे साधारण ५ ते ९ सेंटिमीटर उंचीचा पीस. कंपनी कुठलीही असो, बाजारात अशा खेळण्याला सरसकट ‘ट्रान्सफॉर्मर’च म्हणतात.

मूळ जपानचे. पॉपी कंपनीने १९८२ मध्ये ‘मशीन रोबो’ मालिका काढली. तिच्यातली सहाशे येनची छोटी खेळणी पुढे अमेरिकेत टोन्का कंपनीने ‘गोबॉट्स’ म्हणून विकली. ताकारा या दुसऱ्या जपानी कंपनीच्या ‘मायक्रो चेंज’ मालिकेतही चिमुकल्या मोटारी होत्या. हॅस्ब्रो या अमेरिकी कंपनीने १९८४ मध्ये ताकाराच्या खेळण्यांवरून ‘ट्रान्सफॉर्मर्स’ सुरू केले, तेव्हा या मोटारी स्वस्त गटात आल्या. पिवळ्या बीटल मोटारीचे रूप घेणारा रोबोट बंबलबी त्यांतलाच. २००३ मध्ये ताकाराने ‘वर्ल्ड्स स्मॉलेस्ट’ मालिकेत जुनी मोठी पात्रे जेमतेम ५ सेंटिमीटरवर आणली. २०२१ पासूनचा हॅस्ब्रोचा ‘कोअर’ हा आकाराचा वर्ग सुमारे ९ सेंटिमीटरचा आहे.

आकार लहान केला की काम सोपे होत नाही, उलट अवघड होते. मोठ्या रोबोटमध्ये गाडीचे दार पाठीवर लपवायला जागा असते. छोट्यात प्रत्येक भागाला दोन्ही रूपांत काम करावे लागते. बॉनेटच छाती होते, मागची चाके पोटऱ्यांत जातात. भिंत जाड केली तर घडी मिटत नाही, पातळ केली तर खाच तुटते. म्हणून या संग्रहात पीसची खरी किंमत त्याच्या सांध्यांवरून करावी. चकचकीत खोक्याला त्यानंतरचे स्थान.

नाशिककराला हे पटकन उमगते. सातपूर आणि अंबडच्या औद्योगिक वसाहतींत टूलरूमची, म्हणजे साचे बनवण्याची, आणि प्लास्टिक मोल्डिंगची, म्हणजे साच्यातून वस्तू काढण्याची, कामे चालतात, आणि घरात कुणी मोल्डिंगवर काम केलेले असेल तर खेळणे उघडून पाहण्याची नजर आपसूक येते. रोबोटचा पाय उलटा करून आत पाहावे. साच्यातून भाग बाहेर ढकलणाऱ्या इजेक्टर पिनचे गोल ठसे दिसतात, कडेला गेट, म्हणजे प्लास्टिक आत शिरण्याची वाट, कापल्याची खूण असते, आणि साचा नीट बसत नसेल तर जोडरेषेवर पातळ पापुद्रा, म्हणजे फ्लॅश, आलेला असतो. डुप्लिकेट ओळखायची खात्रीची जागा इथेच. अशा खेळण्यांत वापरतात ते एबीएस जातीचे प्लास्टिक थंड होताना साधारण अर्धा टक्का आकसते. साचा कापणारा तेवढे माप आधीच वाढवून धरतो. पण तयार खेळण्यावरूनच साचा उतरवला आणि ही वाढ धरली नाही, तर नक्कल किंचित लहान निघते. मूळ पीसचा हात तिच्या खांद्यात घालून पाहिला की कळते. ‘थर्ड पार्टी’ पीस मात्र वेगळे: परवाना नसला तरी साचा आणि रचना त्या कारागिरांची स्वतःची असते. त्यांना नकलेच्या रांगेत बसवणे अन्यायाचे आहे.

शहरात खरेदी मेनरोडच्या दुकानांत होते. नवरात्रात कालिका यात्रेच्या खेळण्यांच्या स्टॉलवर मिळतात ते बहुतेक बिननावाचे पीस. त्यांतही एखादा सांधा सुरेख निघतो, म्हणून ते उचलून पाहावेतच. परदेशी माल महागला त्याची कारणे सरळ आहेत. खेळण्यांवरचे मूळ सीमाशुल्क २०२० मध्ये २० टक्क्यांवरून ६० आणि २०२३ मध्ये ७० टक्के झाले, शिवाय १ जानेवारी २०२१ पासून खेळण्यांना भारतीय मानक ब्यूरोचे चिन्ह सक्तीचे झाले.

देखभालीत पहिला शत्रू ऊन. एप्रिल-मेमध्ये नाशिकचा पारा चाळिशीला टेकतो, आणि खिडकीतल्या फळीवरचा पांढरा पीस पिवळा पडत जातो. पावसाळ्यात स्टिकरच्या कडा उचलतात. ढिल्या पडलेल्या गोळीच्या सांध्यात (बॉल जॉइंट) गोळीला पारदर्शक नेलपॉलिशचा पातळ हात द्यावा, रात्रभर पूर्ण वाळू द्यावा आणि मगच गोळी वाटीत दाबावी. ओली बसवली तर सांधा कायमचा चिकटतो. धूळ मऊ टूथब्रशने काढावी. सोनेरी चकाकी मिसळलेले जुने प्लास्टिक हा सर्वांत दुःखाचा भाग. १९८० च्या दशकाची अखेर आणि १९९० चे दशक या काळातल्या अशा अनेक पीसचे प्लास्टिक आतून ठिसूळ होते आणि हात लावताच खापरीसारखे फुटते. त्यावर औषध नाही. तो पीस आहे त्या रूपात ठेवून पुन्हा कधी घडी घालू नये.

बाकीचे पीस गाडीच्या रूपात ठेवावेत की रोबोटच्या, यावर संग्राहकांत एकमत नाही. गाडीत खाचा एकमेकींत अडकून ताणात राहतात, म्हणून उन्हाळ्यापुरते तरी त्यांना रोबोटच्या रूपात, हात खाली सोडून, कपाटाच्या आतल्या बाजूला उभे करावे.