समांतर प्रोग्रामचं उत्तर दर वेळी बदलायलाच हवं का?

समांतर, म्हणजे एकाच वेळी अनेक कामं चालवणारा, प्रोग्राम काल नीट चालला, आज चुकला, परत चालवला तर पुन्हा नीट! अशा वेळी मशीनच्या मूडला दोष दिला जातो. लिंबू-मिरची बांधून हे थांबत नाही, कारण दोष प्रोग्रामच्या रचनेत असतो.

समजा खात्यात १०० रुपये आहेत. एका थ्रेडला (प्रोग्राममध्ये एकाच वेळी चालणाऱ्या कामांपैकी एकाला) त्यात ५० मिळवायचे आहेत, दुसऱ्याला ३०. दोघांनी एकदमच १०० वाचले आणि आपापली बेरीज लिहिली, तर शेवटी १५० दिसतील नाहीतर १३०. हवे होते १८०. ही रेस कंडिशन: कोण शेवटी लिहितं यावर उत्तर ठरतं. थेरॅक-२५ या किरणोपचार यंत्रातून १९८५ ते १९८७ दरम्यान रुग्णांना जीवघेणा मारा झाला, त्यामागेही अशी चूक होती.

म्हणून समांतर म्हणजे बेभरवशाचं, असं मानलं जातं. फ्रेंच संगणकशास्त्रज्ञ जील कान यांनी १९७४ मध्येच हा समज खोडून काढला. त्यांच्या मॉडेलमध्ये सगळ्यांनी मिळून वापरायची सामायिक मेमरी नाहीच. प्रत्येक प्रोसेस (स्वतंत्रपणे चालणारं एक काम) आपल्या ठरलेल्या क्रमाने काम करते आणि चॅनेलमधून दुसरीला आकडे रांगेने पाठवते. चॅनेल रिकामा असेल तर वाचणाऱ्याने थांबायचं. काही आलंय का, असं डोकावून बघायलाही बंदी!

एक प्रोसेस डावीकडून एक आकडा घेते, मग उजवीकडून एक. डावीकडून १, ३, ५ येतात, उजवीकडून २, ४, ६. उजवी बाजू कितीही घाईत असो, बाहेर १, २, ३, ४, ५, ६ हेच पडणार. डोकावायची मुभा दिली की हा क्रम गेलाच.

या बंदीमुळे प्रत्येक प्रोसेस मोनोटोन होते: इनपुट वाढलं की आउटपुट पुढे वाढतं, दिलेलं कधी मागे घेतलं जात नाही. प्रोसेस म्हणजे अख्ख्या प्रवाहांवरचं, म्हणजे चॅनेलमधून जाणाऱ्या आकड्यांच्या पूर्ण रांगांवरचं फंक्शन, आणि प्रोसेसचं जाळं म्हणजे अशा फंक्शनांची समीकरणं. प्रोसेस वर्तुळात जोडल्या तरी या समीकरणांचं सर्वांत लहान उत्तर (ज्यात गरजेपेक्षा एकही आकडा जास्त नाही) एकच असतं आणि कुठल्या चॅनेलमधून काय गेलं ते त्यातून ठरतं. वेळ हा घटक समीकरणांत उरतच नाही. मला हे विलक्षण सुंदर वाटतं.

अर्थात, ‘आधी येईल त्याला तिकीट’ हे या नियमांत लिहिता येत नाही, कारण तिथे वेळच उत्तर ठरवते. शिवाय कान यांचे चॅनेल अमर्याद आहेत, खऱ्या मशीनची मेमरी मात्र अमर्याद नसते. कुठल्याही जाळ्याला किती बफर (चॅनेलमध्ये थांबलेले आकडे ठेवायची जागा) पुरेल हे आधीच सांगणारी सर्वसाधारण पद्धत असूच शकत नाही. म्हणून लहान बफरने सुरुवात करतात आणि भरलेल्या बफरमुळे सगळं अडलं, की त्यांतला सर्वांत लहान वाढवून पुढे जातात.