लॅपटॉप थंड ठेवणे (नागपूर)

प्रोसेसर, ग्राफिक्स चिप आणि बॅटरी यांची उष्णता बाहेर काढून लॅपटॉपचे तापमान मर्यादेत राखण्याचे उपाय. नागपुरात हा प्रश्न एप्रिलपासून पाऊस येईपर्यंत छळतो. मे महिन्यात दुपारी ४२ ते ४५ अंश सेल्सियस हे इथले नेहमीचे तापमान. २३ मे २०१३ रोजी पारा ४७.९ अंशांवर गेला होता. बहुतेक लॅपटॉप मात्र ३५ अंशांपर्यंतच्या हवेत वापरण्यासाठी बनवलेले असतात. नवतपा (मे अखेरीस सुरू होणारे कडक उन्हाचे नऊ दिवस) लागायच्या कितीतरी आधीच ही मर्यादा मागे पडलेली असते.

चिपची उष्णता थर्मल पेस्टमधून तांब्याच्या पट्टीत, तिथून हीट पाइपने बारीक पात्यांच्या जाळीत जाते आणि पंखा ती बाहेर फेकतो. २०२० च्या एम-१ चिपपासूनच्या मॅकबुक एअरमध्ये तर पंखाही नाही. खोलीची हवा दहा अंशांनी तापली, तर तेच काम करताना चिपही जवळपास तेवढीच जास्त तापते. मॉडेलप्रमाणे ९५ ते १०५ अंशांच्या आसपास प्रोसेसर स्वतःचा वेग कमी करतो आणि तेवढ्याने भागले नाही तर मशीन बंद पडते. दुपारी रखडणारा आणि रात्री सुरळीत चालणारा लॅपटॉप बहुधा बिघडलेला नसतो, तापलेला असतो. म्हणून इथे आधी खोलीचे बघावे. लॅपटॉपखाली ठेवायचा पंख्यांचा कूलिंग पॅडही शेवटी खोलीतलीच गरम हवा ढकलतो.

त्या दृष्टीने नागपूरकरांचा कूलर हे मोठे साधन आहे. उन्हाळी दुपारी हवा कोरडी असते, त्यामुळे कूलरच्या ताट्यांवरचे (बाजूच्या ओल्या पडद्यांवरचे) पाणी झपाट्याने उडते आणि हवेतली उष्णता घेऊन जाते. ४४ अंश तापमान आणि २० टक्के आर्द्रता असताना चांगल्या कूलरमधून ३० अंशांच्या आसपासची हवा मिळू शकते. अट एवढीच की कूलर खिडकीबाहेर असावा आणि समोरचे दार किंवा दुसरी खिडकी उघडी असावी. बंद खोलीत तो नुसता दमटपणा वाढवतो. लॅपटॉप थेट झोतात ठेवू नये. झोताबरोबर पाण्याचे बारीक थेंब येतात आणि ते वाळले की क्षारांचा पांढरा थर मागे राहतो. झोताच्या बाजूला, भिंतीपासून थोडा दूर ठेवलेला टेबल उत्तम. वरच्या मजल्यावर स्लॅब संध्याकाळीही तापलेला असतो. व्हिडिओ रेंडरिंगसारखी जड कामे पहाटे उरकणे शहाणपणाचे.

गादीवर किंवा चादरीवर ठेवल्यास खालची हवेची वाट बुजते, हे सर्वांना माहीत असते आणि तरी सर्वजण तसेच ठेवतात. मागच्या बाजूला दोन जाड पुस्तके घालून लॅपटॉप उचलला तरी फरक पडतो. धुळीचा बंदोबस्त होळीच्या सुमारास, कूलर वापरायला बाहेर काढायच्या वेळीच करावा. जाळीत साचलेला थर ब्लोअरने काढताना पंख्याची पाती काडीने धरून ठेवावीत, नाहीतर ती बेफाम फिरून पंखा खराब होऊ शकतो. पेस्ट काही वर्षांनी वाळते. ती जाणकाराकडूनच बदलून घ्यावी.

विंडोजच्या पॉवर ऑप्शन्समध्ये ‘मॅक्झिमम प्रोसेसर स्टेट’ दिसत असेल, तर ते १०० वरून ९९ टक्के केल्यावर इंटेलच्या अनेक मशिनवर टर्बो (प्रोसेसरचा गरजेनुसार वाढणारा जादा वेग) बंद होतो. वेग थोडा घटतो, तापमान मात्र चांगलेच उतरते. ब्राउझरचे उघडे टॅब बंद करणे हा फुकटचा उपाय आहेच.

मृगाच्या सरी आल्या की हवा दमट होते आणि कूलरचे पाणी उडेनासे होते. तेव्हा पंप बंद करून नुसता पंखा चालवलेला बरा.

उष्णतेने कायमचे नुकसान होते ते लिथियम-आयन बॅटरीचे. पूर्ण चार्ज असताना ती तापली, तर तिची क्षमता अधिक लवकर घटते; सतत चार्जरवर काम करणाऱ्यांनी, सोय असल्यास, चार्जिंग ८० टक्क्यांवर रोखावे. उन्हात उभ्या स्कूटरच्या डिक्कीत किंवा बंद कारमध्ये लॅपटॉप ठेवूच नये. ठेवला गेलाच, तर घरी आणल्याबरोबर चार्जिंगला न लावता तो आधी निवू द्यावा.